विल्यम लॅम्बटन

लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन (अंदाजे १७५३ – जानेवारी १८२३) हे ब्रिटिश सेनाधिकारी, भूमापक व भूगणितज्ञ होते. भारतीय द्वीपकल्पाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ त्यांनी १८०२ साली मद्रास येथे केला. हेच कार्य पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण या नावाने प्रसिद्ध झाले. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. हिंगोली जिल्ह्यासह मराठवाडा व विदर्भाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांचा गणिती पाया त्यांनी आरंभिलेल्या त्रिकोणजाळ्यावर आधारलेला आहे.

प्रारंभिक जीवन

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात नॉर्थअ‍ॅलर्टनजवळ एका सामान्य कुटुंबात झाला. गणितातील गती पाहून त्यांना शिक्षणाची संधी मिळाली. १७८१ साली ते सैन्यात दाखल झाले व पुढे ३३व्या पलटणीत गेले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या निमित्ताने ते उत्तर अमेरिकेत गेले आणि नंतर अनेक वर्षे न्यू ब्रन्सविक येथे राहिले. तेथे वसाहतकऱ्यांना द्यावयाच्या जमिनींची मोजणी करताना त्यांना भूमापनाचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. तेथेच सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. एकांतात त्यांनी गणित व भूगणित या विषयांचा सखोल अभ्यास केला.

भारतात आगमन

३३व्या पलटणीबरोबर लॅम्बटन भारतात आले. या पलटणीचे नेतृत्व आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढील काळातील ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यांच्याकडे होते. १७९९ च्या चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात लॅम्बटन श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत सहभागी होते. एका रात्रीच्या कूचीत सैन्य शत्रूच्या दिशेने चालले असल्याचे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले व सेनापतीच्या निदर्शनास आणून दिले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

टिपू सुलतानच्या पाडावानंतर कंपनीच्या ताब्यात विस्तीर्ण प्रदेश आला. त्याची मोजणी करताना पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची अखंड साखळी उभारावी, असा प्रस्ताव लॅम्बटन यांनी मांडला. नकाशे तयार करण्यापुरताच त्यांचा हेतू मर्यादित नव्हता. पृथ्वीचा नेमका आकार निश्चित करणे हेही त्यांचे उद्दिष्ट होते. वेलस्ली यांच्या पाठिंब्यामुळे मद्रास सरकारने प्रस्तावास मान्यता दिली.

त्रिकोणमितीय सर्वेक्षण

या पद्धतीत सपाट जमिनीवर एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली जाते. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या ठिकाणाकडे होणारे कोन मोजले की त्या ठिकाणापर्यंतचे अंतर जमिनीवर साखळी न टाकता गणिताने काढता येते. अशा प्रकारे सिद्ध झालेली त्रिकोणाची प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा बनते. त्यामुळे पहिल्या मोजणीत राहिलेली चूक संपूर्ण जाळ्यात पसरते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिल्या आधाररेषेच्या मोजणीस प्रारंभ झाला. सुमारे साडेसात मैलांची ही रेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजण्यास ५७ दिवस लागले. उन्हाने साखळीची लांबी वाढते, म्हणून प्रत्येक वेळी तापमानाचीही नोंद घेतली जाई. कोनमापनासाठी इंग्लंडहून मागविलेला थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो आणणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. मात्र यंत्राचा हेतू शास्त्रीय असल्याचे लक्षात आल्यावर फ्रेंच गव्हर्नरने ते मद्रासला पाठवून दिले.

१८०४ साली बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा मोजण्यात आली. मद्रासपासून त्रिकोणांच्या आधारे काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक आढळला. द्वीपकल्पाची या भागातील रुंदी तोवरच्या नकाशांत दाखविली होती त्यापेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी असल्याचेही सिद्ध झाले.

विरोध व अडचणी

या सर्वेक्षणाच्या खर्चाला सुरुवातीपासून विरोध होता. मद्रासच्या अर्थसमितीतील एका सदस्याच्या मते श्रीरंगपट्टणला जाऊ इच्छिणाऱ्यास पालखीचे भोई वाट दाखविण्यास पुरेसे होते. बंगालच्या नकाशांचे कर्ते जेम्स रेनेल यांनीही या कामाच्या आवश्यकतेविषयी शंका घेतली. नकाशातील ४० मैलांची चूक उघड झाल्यानंतर हा आक्षेप दुबळा ठरला.

१८०८ साली तंजावर येथे थिओडोलाइट मंदिराच्या शिखरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्राची वर्तुळाकार पट्टी वाकली. दुसरे यंत्र मिळण्यास मोठा कालावधी लागला असता. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेऊन अनेक आठवडे परिश्रम केले व यंत्र दुरुस्त केले. त्याच यंत्राने काम पुढे चालू राहिले.

महान चाप व निजामाचे राज्य

सुमारे ७८° पूर्व रेखांशाच्या लगत दक्षिणोत्तर जाणारी त्रिकोणांची साखळी 'महान चाप' म्हणून ओळखली जाते. ती दक्षिणेस कन्याकुमारीच्या परिसरापर्यंत आणि उत्तरेस निजामाच्या राज्यापर्यंत नेण्यात आली. १८१५ साली बीदरजवळ दामरगिडा येथे आधाररेषा मोजण्यात आली. सुमारे १० अक्षांशांचा हा चाप विषुववृत्ताच्या इतक्या जवळ मोजला गेलेला त्या काळातील सर्वांत लांब चापांपैकी एक होता. लॅम्बटन १८१७ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८१८ मध्ये सर्वेक्षण मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले. त्याच वर्षअखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट हे त्यांचे प्रमुख साहाय्यक म्हणून हैदराबादला रुजू झाले. दीड लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश या काळात त्रिकोणजाळ्याखाली आला. टेकड्यांवर निशाणे रोवणारे, जड यंत्रे वाहून नेणारे आणि तापाने आजारी पडणारे असंख्य देशी कामगार या कामात होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे नोंदलेली नाहीत.

निधन

सर्वेक्षणाचे ठाणे नागपूरला हलविण्यासाठी लॅम्बटन निघाले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते व प्रकृती ढासळली होती. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथील मुक्कामी त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन तेथेच करण्यात आले. त्यांच्या मागून एव्हरेस्ट यांनी सूत्रे हाती घेऊन चाप हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. जगातील सर्वोच्च शिखराला १८६५ साली एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. तुलनेने लॅम्बटन यांचे नाव सर्वसामान्यांस अपरिचित राहिले.

हिंगोलीच्या नकाशांशी संबंध

लॅम्बटन यांच्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. महान चाप या जिल्ह्याच्या पूर्वेस थोड्या अंतरावरून जातो. 'भारत व शेजारील देश' या दशलक्षी मालिकेवर आधारलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकनात हिंगोली शहर ५६ ई या पत्रकात येते, तर सेनगावकडील पश्चिम भाग ५६ ए मध्ये मोडतो. पूर्वी एक इंचास एक मैल आणि दशमान पद्धतीनंतर १:५०,००० या प्रमाणावर तयार झालेल्या नकाशांत कयाधू, पूर्णा व पैनगंगेची पात्रे, गावे, विहिरी, पाऊलवाटा व समोच्चरेषा दाखविल्या जातात. टेकड्यांवरील त्रिकोणमितीय स्थानके लहान त्रिकोणाच्या खुणेने दर्शविलेली असतात.

एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या लंबगोलाकृतीच्या गणितात लॅम्बटन यांच्या मोजणीचा उपयोग झाला होता. भारतातील स्थलनिर्देशक नकाशे दीर्घकाळ याच आकृतीवर आधारलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीच्या नव्या मालिकेत उपग्रहाधारित जागतिक संदर्भप्रणाली स्वीकारण्यात आली. त्यामुळे जुन्या व नव्या पत्रकांवरील एकाच ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांत किंचित फरक आढळतो. गावशिवार, जुने तलाव किंवा नदीपात्रातील बदल यांचा अभ्यास करताना हा फरक लक्षात घेऊन दोन्ही पत्रके जुळवावी लागतात.