बाटलीतली खूण

लंडन, १ नोव्हेंबर १८४५. डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्या हाती लघवीचा एक नमुना आला. सोबत दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि तिच्यात एकच प्रश्न: हे आहे तरी काय? रुग्ण होता पंचेचाळिशीचा एक किराणा व्यापारी. छाती-पाठीच्या कळांनी तो वर्षभर जर्जर झाला होता.

बेन्स जोन्स तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. सफोक परगण्यात जन्म, केंब्रिजचे शिक्षण, सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकीचे धडे. पण १८४१ साली ते जर्मनीत गीसनला गेले आणि थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रयोगशाळेत शिकले. त्यामुळे लघवीचा नमुना दिसला की त्यांच्यातला रसायनतज्ज्ञ जागा होई.

त्यांनी नमुन्यात नायट्रिक आम्ल घातले, तेव्हा साका धरला. उकळल्यावर तो विरघळला आणि निवल्यावर पुन्हा साकळला! अंड्यातला पांढरा भाग एकदा उकडला की पुन्हा पातळ होत नाही, हे कुठलीही गृहिणी सांगेल. मग हे प्रथिन वेगळे होते. १ जानेवारी १८४६ रोजी तो व्यापारी गेला. शवविच्छेदनात त्याची हाडे मऊ, ठिसूळ झालेली आढळली. बेन्स जोन्स यांनी १८४७-४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि हाडे मऊ पडणाऱ्या इतर रुग्णांतही हे प्रथिन शोधावे, असे सुचवले. कर्करोगाची प्रथिनरूपी खूण वैद्यकाला प्रथमच सापडली होती.

पुढे त्यांना मोठा लौकिक मिळाला. चार्ल्स डार्विन त्यांचे रुग्ण होते. १८६० पासून ते रॉयल इन्स्टिट्यूशनचे सचिव होते. मित्र मायकेल फॅरडे यांचे दोन खंडी चरित्र त्यांनी १८७० मध्ये लिहिले. १८७३ साली ते वारले. त्याच वर्षी त्या व्यापाऱ्याच्या आजाराला ‘मल्टिपल मायलोमा’ हे नाव मिळाले.

त्या प्रथिनाचे कोडे मात्र १९६२ साली सुटले. अमेरिकेत एडेलमन आणि गॅली यांनी दाखवले, की तो प्रतिपिंडाचा हलका तुकडा आहे. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी असे तुकडे बेसुमार बनवतात. ते लहान असल्याने मूत्रपिंडातून गळतात आणि त्यालाही इजा करतात.

आज रक्तातली प्रथिने आजाराची पायरीही सांगतात. २००५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन ही दोनच प्रथिने मोजली होती. पहिल्या पायरीवरच्या रुग्णांचे मध्यमान आयुष्य ६२ महिने, तिसऱ्या पायरीवर २९ महिने निघाले.

असा आकडा घरात आला की सारे घर गप्प होते. पण मध्यमान म्हणजे काय? निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. शिवाय त्यानंतर नवी औषधे आली आणि कित्येकांचे आयुष्य वाढले. बँकेच्या पासबुकात आजची शिल्लक दिसते, उद्याचा भरणा दिसत नाही. प्रथिनांचा अहवालही तसाच वाचावा. उपचार लागू पडतो आहे का, हे त्यावरून कळते आणि डॉक्टर पुढची दिशा ठरवतात.

त्या व्यापाऱ्याच्या वाट्याला हा उपचार आला नाही. बेन्स जोन्स त्याला वाचवू शकले नाहीत. पण चिठ्ठीतला प्रश्न त्यांनी मनावर घेतला, म्हणून त्याच्यानंतरच्या हजारोंचा आजार डॉक्टरांना ओळखता आला.