डॉन लेस्ली: फिरणारा स्पीकर बनवणारा माणूस

मोबाईलवरच्या कीबोर्ड ॲपमध्ये ऑर्गनचा आवाज निवडला, की बऱ्याचदा सोबत ‘रोटरी’ नावाचं बटण दिसतं. ते दाबलं की आवाज फिरायला लागतो, पण एकदम नाही, हळूहळू वेग घेतो. सॉफ्टवेअरमध्ये हा बदल क्षणात करता येतो. मग हा लॅग मुद्दाम का ठेवलाय? त्यासाठी डॉन लेस्लींची गोष्ट माहीत हवी.

डोनाल्ड लेस्ली यांचा जन्म १९११ साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिलमध्ये झाला. ते लहान असतानाच घरचे कॅलिफोर्नियाला राहायला गेले. १९३५ मध्ये हॅमंड कंपनीचा इलेक्ट्रिक ऑर्गन बाजारात आला. लेस्लींनी तो लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दुकानात ऐकला आणि १९३७ मध्ये स्वतःसाठी घेतला. कंपनीचा स्पीकर मात्र घेतला नाही. तो आपणच स्वस्तात बनवू, असा त्यांचा हिशोब होता.

पण दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये भारदस्त वाटलेला ऑर्गन घरात अगदीच सपाट वाजू लागला. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सूर वेगळ्या नळीतून, वेगळ्या जागेवरून येतो. इथे सगळे सूर एकाच पेटीतून येत होते. लेस्लींनी ठरवलं, आवाजच फिरवायचा.

रेल्वे शिटी वाजवत जवळ येते तेव्हा तिचा सूर चढा वाटतो आणि लांब जाताना उतरतो. हा डॉप्लर परिणाम. लेस्ली स्पीकरमध्ये वरच्या सुरांसाठी फिरणारा कर्णा असतो आणि खालच्या सुरांसाठी फिरणारा ड्रम. कर्ण्याला दोन तोंडं दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरं फक्त तोल सांभाळायला.

हे यंत्र घेऊन ते हॅमंड कंपनीकडे गेले. कंपनीने नकार दिला. मग १९४१ पासून लेस्लींनी स्वतःच ते बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचं नाव होतं इलेक्ट्रो म्युझिक. हॅमंडने आपल्या डीलरना लेस्ली स्पीकर विकायला मनाई केली, तरी वादक हॅमंड ऑर्गनला लेस्लीच जोडत राहिले.

सुरुवातीला स्पीकरला एकच वेग होता: फिरवा किंवा थांबवा. नंतर हळू वेग आला. १९६० च्या दशकातल्या प्रसिद्ध १२२ मॉडेलमध्ये कर्णा आणि ड्रम दोघांनाही दोन-दोन मोटरी आहेत, एक हळू आणि एक जलद. कर्णा हळू वेगात मिनिटाला साधारण ५० फेरे घेतो, जलद वेगात ४०० च्या आसपास. वेग बदलण्याचा सिग्नल आवाजाच्याच तारांमधून डीसी व्होल्टेज म्हणून येतो. एक व्हॅक्यूम ट्यूब तो ओळखते आणि रिले मोटर बदलतो.

रिले पटकन बदलतो, पण ड्रम जड आहे आणि त्याला ब्रेक नाही. कर्णा हलका, तो साधारण सेकंदभरात वेग पकडतो. ड्रमला कित्येक सेकंद लागतात. हा उशीर कमी करायला काही जण ड्रमचा पट्टा घट्ट करतात, तर काही मोटरला ब्रेकची सोय असलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लावतात. जलद लयीत वाजवणाऱ्याला हे बदल नक्कीच उपयोगी पडतात.

पण उशीर पूर्ण काढून टाकला तर मजाच जाते. कर्णा पुढे पळतो, ड्रम मागे राहतो आणि त्या काही सेकंदांत दोघांचे वेग जुळत नाहीत. वादक शेवटचा सूर धरून ठेवतात आणि नेमकं तेव्हाच स्विच टाकतात. इंजिनिअरला जो बग वाटेल, तोच इथे वाद्याचा भाग झाला.

लेस्लींनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला विकली. १९८० मध्ये लेस्ली हे नाव शेवटी हॅमंडनेच विकत घेतलं. २००३ मध्ये अमेरिकन म्युझिक कॉन्फरन्सने लॉरेन्स हॅमंड आणि डॉन लेस्ली, दोघांचाही एकत्र सन्मान केला. हॅमंड तेव्हा हयात नव्हते. पुढच्याच वर्षी, २ सप्टेंबर २००४ रोजी, लेस्लीही गेले.

पुढच्या वेळी ॲपमधलं ते बटण दाबाल, तेव्हा कान देऊन ऐका. मोबाईलमध्ये ना ड्रम आहे ना पट्टा, तरी त्या जड ड्रमचा उशीर कोडमध्ये जपून ठेवलेला आहे.