महर्षी शिंदे आणि उघडे दार



विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही बहुधा तथागत बुद्ध, महात्मा फुले आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्याविषयीच लिहितो. यंदा आपल्या घरात ज्यांचा फोटो सहसा दिसत नाही, अशा एका माणसाची आठवण करू या. ते म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडीला एका मराठा वारकरी घरात त्यांचा जन्म झाला. १८९८ साली ते बी. ए. झाले आणि प्रार्थना समाजात आले. मूर्ती नाही, जातपात नाही, सर्वांनी मिळून एका ईश्वराची उपासना करायची, असा हा उदार पंथ. १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती मंडळींच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत येऊन मुंबईत ते समाजाचे प्रचारक झाले.

समाजमंदिराचे दार सर्वांना उघडे होते. पण आत बसायची ती शिकलेली, वरच्या जातीची माणसं. अस्पृश्य वस्तीतून तिथवर येणार कोण? नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, आपणच उठून तिकडे गेलं पाहिजे, हे शिंद्यांनी ओळखले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केले व शाळा काढली. पुढे वसतिगृहे झाली, पुण्यात अहल्याश्रम उभा राहिला. मिशनच्या मुलांमध्येच त्यांनी आपले बिऱ्हाड ठेवले. बहीण जनाक्का त्यांच्याबरोबर राबली. एका मराठा कुटुंबाने त्या काळी असं राहणं सोपं नव्हतं.

तरीही एक गोष्ट झाकून ठेवू नये. १९१९ च्या सुमारास साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा मिशनचे म्हणणे असे की, अस्पृश्यांचे प्रतिनिधी निवडून आलेल्या सभासदांनी घ्यावेत. बाबासाहेबांनी ते नाकारले. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडणार, ही त्यांची भूमिका होती. आम्हाला बाबासाहेबांचेच बरोबर वाटते. प्रेमाने घरात बोलावणे वेगळे आणि घराच्या कारभारात हक्क देणे वेगळे. पहिले स्वागत, दुसरा न्याय.

१९२३ साली शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३३ साली त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ निघाला. आपला शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्याच जिल्ह्यातल्या वाईच्या ब्राह्म समाजाशी त्यांचा उत्तरायुष्यात जिव्हाळा होता. २ जानेवारी १९४४ रोजी ते गेले. आपली धम्मदीक्षा त्यानंतर बारा वर्षांनी झाली.

मग त्यांची आठवण आपण का ठेवायची? जातीचा फायदा ज्याला मिळत होता, तो माणूस तो फायदा सोडून आपल्या वस्तीत राहायला आला. माणूस बदलू शकतो, या आशेला हा मोठा आधार आहे.

आता आपल्याकडे पाहू. वैशाखी पौर्णिमेला खीर घ्यायला आपण सगळ्या गावाला बोलावतो. पण विहाराच्या बैठकीत आयाबहिणी किती बोलतात? शेजारच्या वस्तीतलं गरिबाचं पोर आत येताना बिचकत तर नाही ना? आपलं दार उघडं आहे खरं. पण उंबऱ्याबाहेर जाऊन हाक मारायला आपल्यातलं कोण उठतं, हे येत्या वर्षी आपण सर्वांनी पाहू या.

जयभीम!