चित्रकवी विल्यम ब्लेक

एखादे पुस्तक छापून निघाले की त्याच्या सर्व प्रती एकसारख्या दिसतात, हा आपला नित्याचा अनुभव आहे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहरात अशी काही पुस्तके निर्माण झाली, की ज्यांची एक प्रत दुसरीसारखी कधीच नसे. त्यांतील काव्य, चित्रे, छपाई आणि रंगकाम ही सारी एकाच घरात होत असत. ते घर विल्यम ब्लेक या कलावंताचे होते.

ब्लेकचा जन्म २८ नोव्हेंबर १७५७ रोजी लंडन येथे झाला. त्याच्या वडिलांचे मोज्यांचे दुकान होते. मुलाचा चित्रकलेकडील ओढा ओळखून त्यांनी त्याला दहाव्या वर्षी चित्रशाळेत घातले. त्या काळी पुस्तकात चित्र छापावयाचे म्हणजे बहुधा ते तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरावे लागे. ही विद्या शिकण्यासाठी ब्लेक चौदाव्या वर्षी जेम्स बझायर या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताकडे उमेदवार म्हणून राहिला. त्याची उमेदवारी सात वर्षे चालली. गुरूने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबे या प्राचीन मंदिरात राजेराण्यांच्या समाध्यांची चित्रे काढण्यास पाठविले. तेथील पाषाणमूर्तींची ठसठशीत रेषा त्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

१७८२ मध्ये ब्लेकचा विवाह कॅथरीन बाऊचर हिच्याशी झाला. तिला लिहिता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली काढली. ब्लेकने तिला लिहावयास, वाचावयास शिकविले. पुढे पत्र्यावरून ठसे घेणे व चित्रे रंगविणे या कामांतही ती तरबेज झाली.

ब्लेक कविता करीत असे. कवितेचे शब्द आणि तिचे चित्र ही एकाच पानावर, एकमेकांत गुंफलेली असावीत, अशी त्याची इच्छा होती. परंतु अक्षरे खिळ्यांनी जुळवावी लागत व चित्रे निराळ्या पत्र्यावरून छापावी लागत. १७८७ मध्ये त्याचा लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट वारला. त्याने मृत्यूनंतर दर्शन देऊन नवी युक्ती सांगितली, असे ब्लेक म्हणत असे. युक्ती अशी होती : तेजाबाने न झिजणाऱ्या रोगणाने तांब्याच्या पत्र्यावर कविता आणि चित्र रेखाटावयाचे. अक्षरे मात्र आरशात दिसतात तशी उलटी लिहावयाची. नंतर पत्र्यावर तेजाब ओतले, की उरलेला भाग झिजून खाली जाई आणि अक्षरे व चित्रे उठून राहत. त्यांवर शाई लावून ठसा घेतला, की पती-पत्नी ते पान जलरंगांनी हाताने रंगवीत.

अशा रीतीने १७८९ मध्ये ‘निरागसतेची गीते’ हा संग्रह तयार झाला. १७९४ मध्ये त्यास ‘अनुभवाची गीते’ जोडली गेली. एकाच पत्र्यावरून निघालेली पाने, परंतु एका प्रतीत आकाश निळे, तर दुसरीत सोनेरी! मात्र एवढ्या श्रमांचे मोल फारच थोडे मिळे. १७९३ मध्ये ‘निरागसतेची गीते’ या पुस्तकाची किंमत अवघी पाच शिलिंग होती, तरीही गिऱ्हाईक क्वचितच येई. इतरांची चित्रे कोरून ब्लेक उदरनिर्वाह करी. १८०९ मध्ये त्याने भावाच्या दुकानात आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. फारसे कोणी फिरकले नाही. उलट एका वृत्तपत्राने त्याला वेडा ठरविले. लोकांना रुचेल तसे काम करून सुखाने राहणे त्याला अशक्य नव्हते. परंतु त्याने आपली वाट सोडली नाही.

काही रसिकांनी मात्र त्याला साथ दिली. टॉमस बट्स या सरकारी नोकराने त्याच्याकडून अनेक चित्रे घेतली. त्यांत बायबलमधील ईयोब या सत्त्वशील पुरुषाची कथा सांगणारी चित्रमाला होती. १८२१ मध्ये जॉन लिनेल या तरुण चित्रकाराने ती पाहिली. त्याने मूळ चित्रांवरून रेषा उतरवून घेतल्या आणि वृद्ध ब्लेकने त्यांत पुन्हा रंग भरले. पुढे त्याच चित्रांवरून ब्लेकने एकवीस पत्रे कोरले व १८२६ मध्ये ते पुस्तक प्रसिद्ध झाले. विक्री अल्पच झाली. तरी लिनेलने ब्लेकला ठरल्यापेक्षा कमी मोबदला मिळू दिला नाही.

साठी उलटल्यावर इटालियन कवी दान्ते याच्या महाकाव्यासाठी चित्रे काढण्याचे काम आले. मूळ काव्य समजावे म्हणून ब्लेक त्या वयात इटालियन भाषा शिकला. आजारपणात अंथरुणावर बसूनही तो रेखाटन करी. त्याने १०२ चित्रे काढली. त्यांपैकी कित्येक अपुरीच राहिली. १२ ऑगस्ट १८२७ रोजी दोन खोल्यांच्या घरात त्याने देह ठेवला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

कालांतराने लोकांचे डोळे उघडले. १८६३ मध्ये त्याचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याची कीर्ती वाढू लागली. पाच शिलिंगांना न खपलेली ती पुस्तके आज मोठमोठ्या संग्रहालयांत जिवापाड जपली जातात. २०१८ मध्ये त्याच्या दफनस्थळी नाव कोरलेला दगड बसविण्यात आला. ब्लेकने एकच पान अनेकदा रंगविले, परंतु कंटाळून एकदाही रंगविले नाही. काम लहान असो वा मोठे, पाहणारे कोणी असो वा नसो, प्रत्येक वेळी त्यात मन ओतणे, हेच खऱ्या कलावंताचे लक्षण होय.