गोदाकाठचा बावरी

आपली गोदामाई त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, हे नाशकातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण भगवान बुद्धांच्या काळी हीच गोदावरी खाली गेल्यावर अस्सक आणि मुळक या दोन देशांची सीमा होती, हे पुष्कळांना माहीत नसते. पैठण ही मुळकांची राजधानी. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत, ३ क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात ही दोन्ही नावे कोरलेली आहेत.

या सीमेवर बावरी नावाचा विद्वान ब्राह्मण राहत असे. त्याची हकिगत सुत्तनिपातातील पारायणवग्गात आली आहे. तो मूळचा कोसल देशाचा, तीन वेदांत पारंगत. अट्ठकथेप्रमाणे गोदावरीच्या दोन प्रवाहांमधील बेटावर त्याचा आश्रम होता.

एकदा त्याने मोठा यज्ञ करून होते नव्हते ते दान केले. मागाहून एक ब्राह्मण आला आणि ५०० नाणी मागू लागला. बावरीजवळ काहीच उरले नव्हते. तेव्हा त्या ब्राह्मणाने शाप दिला, की सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. झालं! एवढा ज्ञानी माणूस, पण भीतीने अन्नपाणी सोडून बसला. तेव्हा एका हितचिंतक देवतेने त्याला सांगितले, की शाप देणाऱ्यालाच डोके म्हणजे काय ते कळत नाही. ते फक्त बुद्ध जाणतात.

बावरीचे वय त्या वेळी १२० वर्षांचे. तरी विद्येचा ताठा न धरता त्याने अजित, पुण्णक, मोघराज, पिंगिय असे १६ शिष्य विचारायला धाडले. पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती करीत ते पायी मगधात पोहोचले. भगवंतांनी उलगडा केला, की अविद्या हेच ते डोके आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, वीर्य यांसह येणारी विद्या ते फोडते. एकेकाने आपापले प्रश्न विचारले. म्हातारा पिंगिय परत गोदाकाठी आला आणि त्याने सारे गुरूला सांगितले. अशा रीतीने धम्म आपल्या नदीवर आला.

आजही कुणी करणी केली म्हटलं, की आपल्यातलीही माणसं जेवण टाकतात, भगताकडे धावतात. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण मनातली भीती नुसत्या कायद्याने जात नाही. बावरीने गंडा बांधला नाही, उतारा टाकला नाही. त्याने प्रश्न विचारायला माणसं पाठवली. घरात मुलांना एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.