होळकर संघाचे सेनानी : कै. कर्नल सी. के. नायडू

ज्या थोर पुरुषांनी आपल्या देशात क्रिकेटच्या खेळास प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत कै. कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगूभाषी कुटुंबात झाला. वडील व्यवसायाने वकील होते. नागपुरातच त्यांचे शिक्षण व क्रीडाशिक्षण झाले. १९१६ साली मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघातर्फे ते प्रथम खेळले. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांस आपल्या पदरी घेतले, आणि इंदूर हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.च्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनी अवघ्या दोन तासांत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. परकीय अमलाखाली मान खाली घालून वावरणाऱ्या प्रेक्षकांस त्या दिवशी केवढे समाधान लाभले असेल, याची कल्पनाच करावी. १९३२ च्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला. त्याचे कर्णधारपद नायडूंकडे आले. क्षेत्ररक्षण करताना हातास इजा झाली असतानाही पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांनीच केल्या.

तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा खरा कस लागला तो होळकर संघाच्या उभारणीत. १९४१-४२ च्या हंगामात हा संघ रणजी स्पर्धेत उतरला. महाराज यशवंतराव होळकरांचा उदार आश्रय होता. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे गुणी खेळाडू एकेक करून गोळा झाले. परंतु गुणी माणसे जमविणे निराळे आणि त्यांस एका शिस्तीत बांधणे निराळे. ते दुसरे काम नायडूंनी केले. सरावात कसूर त्यांस खपत नसे, आणि जो नियम इतरांस तोच स्वतःस, असा त्यांचा बाणा होता. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांनी शतके झळकाविली, आणि त्यांतील एक शतक पन्नाशीच्या नायडूंचे होते! १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. तरीही हा छप्पन्न वर्षांचा वीर मैदान सोडून गेला नाही.

संघाचे आयुष्य अवघे चौदा हंगामांचे. तेवढ्यात त्याने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार वेळा अजिंक्यपद मिळविले. संस्थाने विलीन झाली, राजाश्रय ओसरला, आणि १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर हे नाव स्पर्धेतून लोपले. पुढे मध्य प्रदेशाचा संघ आला. परंतु रणजी करंडक त्या भूमीत परत येण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

१९५६ मध्ये नायडूंस पद्मभूषण हा सन्मान मिळाला. त्याच वर्षाच्या हंगामात, वयाची साठी उलटल्यावरही, ते उत्तर प्रदेशातर्फे रणजी सामने खेळत होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे देहावसान झाले.

आपणही मंडळे काढतो, वसतिगृहे व शिष्यवृत्त्या चालवितो. आश्रयदात्याच्या औदार्याने संस्था उभी राहते हे खरे; परंतु तो आश्रय गेल्यावर ती कशी टिकावी याचा विचार आधीच करावा लागतो. होळकर संघ टिकला नाही. नायडूंनी लावलेली शिस्त मात्र त्यांच्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येकाच्या अंगी अखेरपर्यंत राहिली. आपल्या तरुणांनी हे चरित्र अवश्य मनन करावे.