फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि त्याच मुलाने गाण्याचीच शाळा काढली

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी एक चक्कर मारा. दप्तर घरी टाकून पेटी-तबल्याच्या क्लासला निघालेली पोरं दिसतील. कुणी प्रारंभिकला बसलेलं असतं, कुणी प्रवेशिका पूर्णला. घरी भूप घोकणं चालू असतं, आणि शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात हे आईवडिलांना पाठ असतं.

गाण्याचा वर्ग, गाण्याचं पुस्तक, गाण्याची परीक्षा. आज यात कुणाला काही नवल वाटत नाही.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी चांगल्या घरातल्या मुलाने गाणं शिकायचं म्हटलं, तर घरात रडारड व्हायची. मुलीचा तर प्रश्नच नव्हता. हे चित्र बदलण्यासाठी ज्या माणसांनी आयुष्य पणाला लावलं, त्यात एक मोठं नाव आहे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचं.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. त्यामुळे अभंग, पदं, झांजा हे सगळं घरातच होतं. पण पोराने शाळा शिकावी, असाच बेत होता.

दत्तजयंतीच्या उत्सवात घात झाला. फटाका तोंडाजवळ फुटला आणि छोट्या विष्णूचे डोळे कायमचे अधू झाले. उपचारासाठी त्याला मिरजेला नेलं. डोळे काही सुधारले नाहीत आणि शाळेचा रस्ता बंद झाला. मग डोळ्यांवाचून अडणार नाही अशी एकच विद्या उरली, ती म्हणजे गाणं.

मिरजेत तेव्हा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला जाऊन, हालअपेष्टा सोसून त्यांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली होती. विष्णू त्यांच्याकडे शिकू लागला. जुनी तालीम म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू देईल तेव्हा, देईल तेवढं घ्यायचं. लिहून घेणं नाही, कारण विचारणं नाही. यातून गळा तयार व्हायचा, पण किती वर्षांनी आणि किती जणांचा, याचा काही नेम नसे.

याच काळातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. गावातल्या एका समारंभाचं बोलावणं विष्णूला आलं, कारण संस्थानिकांची त्याच्यावर मर्जी होती. गुरूंना मात्र आलं नाही. एवढ्या मोठ्या कलावंताला गवई म्हणून बाजूला ठेवलं, हे त्याच्या मनाला फार लागलं.

१८९६ साली पलुस्करांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असं करत ते उत्तरेकडे सरकत गेले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. त्या काळात ही अगदी नवी गोष्ट होती. गाणं ऐकायला राजाचं आमंत्रण लागत नाही, तिकिटाचे पैसे दिले की कुणीही येऊन बसावं, असा त्याचा अर्थ होता.

मग ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

संगीतशाळा याआधीही होत्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्येच शाळा काढली होती. पण लाहोरच्या शाळेच्या पाठीशी कुठलंही संस्थान नव्हतं. ती चालणार होती विद्यार्थ्यांच्या फीवर, लोकांच्या देणग्यांवर आणि खुद्द पलुस्करांच्या जलशांच्या कमाईवर.

सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. पलुस्कर ठरल्या वेळी तंबोरा घेऊन बसत आणि रिकाम्या खोलीत एकटेच गात, असं सांगतात. मग एकेक जण येऊ लागला आणि वर्ग भरू लागले.

इथे अडचण वेगळीच होती. एका शिष्याला दहा वर्षं समोर बसवून शिकवणं निराळं, आणि वीस-पंचवीस मुलांना तासाभरात काहीतरी देणं निराळं. त्यासाठी पलुस्करांनी शाळेची सगळी घडी गाण्याला लावली. इयत्ता ठरवल्या, वेळापत्रक आणि अभ्यासक्रम बनवला, परीक्षा आणि पदवीदान समारंभ सुरू केले. स्वर आणि ताल कागदावर लिहायची स्वतःची पद्धत तयार केली. संगीत बालप्रकाश, संगीत बालबोध, राग प्रवेश अशी पुस्तकं काढली. ती छापायला स्वतःचा छापखाना घातला, आणि संगीतामृतप्रवाह नावाचं मासिकही चालवलं. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग भरवले.

या सगळ्याचा कणा होता उपदेशक वर्ग. यातली मुलं शाळेतच राहत, जेवणखाण आणि शिक्षण फुकट. त्या बदल्यात नऊ वर्षं शिकायचं आणि पुढे गावोगाव जाऊन गाणं शिकवायचं, असा करार असे. मुलांना शिकवायला आधी शिक्षक लागतात, हे पलुस्करांनी ओळखलं होतं.

टीकाही झाली. घंटा वाजल्यावर सुरू होणाऱ्या आणि घंटा वाजल्यावर थांबणाऱ्या तासात गवई कसा घडणार, असा सवाल जुनी मंडळी करत. त्यात तथ्य होतंच. पलुस्करांचं म्हणणं असं की, प्रत्येकाला तानसेन व्हायची गरजच नाही. चांगले कानसेन झाले तरी पुष्कळ.

दुसरी टीका आजचे अभ्यासक करतात. गाणं घरंदाज घरांत शिरावं म्हणून पलुस्करांनी बंदिशींतले शृंगाराचे शब्द बदलून तिथे भक्ती आणली. शाळेला प्रार्थनेचं, आश्रमाचं रूप दिलं. यामुळे नव्या लोकांना दार उघडलं, पण ज्या मुसलमान उस्तादांनी आणि गाणाऱ्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली होती, त्यांना या नव्या वर्गात फारशी जागा उरली नाही.

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली. व्याप वाढला, पुढे स्वतःची इमारत उभी राहिली, आणि कर्जही वाढत गेलं. पलुस्कर जलसे करून हप्ते फेडत राहिले, पण गणित जमलं नाही. शेवटी १९२०च्या दशकात इमारत लिलावात गेली. ज्या शाळेसाठी गळा झिजवला, तीच हातची सुटली. ते नाशिकला गेले आणि रामनामाच्या आश्रमात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तोच डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशाला माहीत झाला.

इमारत गेली, तरी माणसं तयार झाली होती. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीतशिक्षक झाले आणि दांडीयात्रेतही चालले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. ओंकारनाथ ठाकूरांनी बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं शिक्षण उभं केलं. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली आणि त्या शाळेत कुमार गंधर्व शिकले. वर्गातून गवई घडत नाही म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नव्हती.

गुरू गेले त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा हेच मंडळ घेतं.

परीक्षेला बसणाऱ्या बहुतेक मुलांचे गवई होत नाहीत. ती पुढे बँकेत लागतात, दवाखाना चालवतात, दुकान बघतात. पण रेडिओवर भूप लागला की त्यांना तो ओळखू येतो. पलुस्करांची शाळा मुळात त्यांच्यासाठीच होती.